पाणी काढावे, माती राखावी

मृगाचा पाऊस सुरू झाला की हुबळी-धारवाडच्या नव्या वसाहतींतून एकदा फेरफटका मारावा. एक दृश्य हमखास दिसते. पायासाठी खणलेला खड्डा तांबड्या पाण्याने भरलेला असतो, काठावर डिझेलचा पंप धडधडत असतो, जाड पाइपातून गढूळ पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडत असते आणि मेस्त्री पंपाकडे पाहत उभा असतो. त्याला काय झाले म्हणून विचारावे, तर धारवाडी कन्नडात उत्तर मिळते, 'नीर बंत्री!' पाणी आले! ते कोठून आले, किती आले, उद्या किती येईल आणि पंपाबरोबर आणखी काय काय निघून चालले आहे, हे प्रश्न मात्र त्याला कोणी विचारलेले नसतात.

पाठ्यपुस्तकातही या विषयाला दोन-चार पानांपलीकडे जागा मिळत नाही. परीक्षेत पाच गुणांची टीप येते. चार पद्धतींची नावे लिहिली की काम भागते. प्रत्यक्षात पायाच्या कामातील दिरंगाई, खर्चातील वाढ आणि अपघात यांचा बराच मोठा वाटा या एका गोष्टीशी निगडित असतो. प्रस्तुत लेखात पद्धतींची जंत्री देण्याचा हेतू नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, खड्ड्यातून पाणी काढणे सोपे आहे. माती जागच्या जागी ठेवून पाणी काढणे अवघड आहे, आणि अभियंत्याची गरज या दुसऱ्या कामासाठी असते.

पाणी कोठून येते?

खड्ड्यात पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट वरची, म्हणजे पाऊस आणि आजूबाजूच्या जमिनीवरून वाहत येणारे पाणी. दुसरी बाजूची व खालची, म्हणजे भूजल. तिसरी वाट आपणच करून ठेवलेली असते: फुटलेली जलवाहिनी, गळकी गटारे, शेजारचा शोषखड्डा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून पंप भाड्याने आणण्यापूर्वी पाण्याची जात ओळखावी. पाऊस थांबल्यावर एका दिवसात आवक आटली तर ते वरचे पाणी. पाऊस असो वा नसो, आवक सारखीच राहिली तर ते भूजल. पहाटे नळाला पाणी सुटण्याच्या वेळी आवक वाढत असेल तर शोध जमिनीखाली न घेता रस्त्याखालच्या पाइपात घ्यावा.

वरच्या पाण्याचा हिशेब तर शाळकरी मुलालाही करता येईल. समजा, खड्डा २० मीटर लांब व १५ मीटर रुंद आहे. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर खड्ड्यात थेट पडणारे पाणी १५ घनमीटर, म्हणजे १५ हजार लिटर. आता समजा, वरच्या अंगाची २,००० चौरस मीटर उताराची जमीन आपले पाणी त्याच खड्ड्यात सोडते. जमिनीत मुरणारे पाणी सोडून दिले, तर ते १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर भरते. खड्ड्याच्या वरच्या अंगाला हातभर उंचीचा मातीचा बांध घालून एक चर काढला तर हे लाख लिटर पाणी आत येतच नाही. पाणी काढण्याचे पहिले यंत्र पंप नसून फावडे आहे, ते यासाठी.

आपल्या गावची जमीन

धारवाड हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या भागातील अतिप्राचीन खडकांच्या समूहाला आपल्या गावाचे नाव दिले. हे खडक मूळचे गाळाचे व ज्वालामुखीचे. पुढे दाब आणि उष्णता यांनी रूपांतरित झालेले. त्यांना पापुद्रे असतात, भेगा असतात. वरच्या थरात त्यांचा कुजून मुरूम होतो. पश्चिमेकडे, मलनाडाच्या बाजूला, तांबडी माती व मुरूम. तर हुबळीच्या पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळ्या मातीचे मैदान. शिवाय हे जोड-शहर पाणलोटाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. धारवाडला सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला पश्चिम समुद्राकडे जाते. हुबळी भागाचे पाणी घेणारा बेण्णीहळ्ळ मलप्रभेला मिळून अखेर कृष्णेबरोबर पूर्व समुद्राला जातो.

या जमिनीचे तीन स्वभाव बांधकामावर दिसतात. काळी माती पाणी फार सावकाश सोडते. तिच्यात खणलेल्या खड्ड्यात भूजल जवळजवळ येत नाही. पण वरून आलेले पाणी मुरतही नाही, ते दिवसेंदिवस तुंबून राहते आणि तळाचा चिखल करते. मुरमातून पाणी सर्व बाजूंनी झिरपते. खडक स्वतः पाणी देत नाही. पण त्यातील एखादी भेग कापली गेली की विहिरीला झरा लागावा तशी एकाच ठिकाणी धार लागते. विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसांना हे पक्के ठाऊक असते. झरा कोणत्या अंगाला लागला हे ते आधी पाहतात, मग पुढचे बोलतात. आपणही तेच करावे.

जुनी नावेही उपयोगी पडतात. कन्नडातील 'केरे', म्हणजे तळे, धारवाडी बोलीत अनेकदा 'केरी' होते. पण 'केरी' म्हणजे आळी असाही अर्थ आहे. केलगेरीला तळे आजही आहे, हुबळीला उणकलचे आहे. इतर ठिकाणी नावाच्या शेपटाला केरी दिसली, तर ती तळ्याची की आळीची हे एखाद्या वृद्ध माणसाला विचारून घ्यावे. तळे बुजवून केलेल्या जागेत पाया खणणारा माणूस तळ्याचाच तळ खणत असतो.

किती पाणी येईल?

भूजलाचा हिशेब करण्याची किल्ली फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये दिली. वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून त्यांनी दाखवले की, वाहणारे पाणी हे तीन गोष्टींच्या गुणाकाराएवढे असते: मातीची पार्यता, पाण्याच्या पातळीचा उतार आणि छेदाचे क्षेत्रफळ. पार्यता म्हणजे मातीतून पाणी किती सहज जाते याचे माप. मातीमातीत तिचा फरक विलक्षण आहे. स्वच्छ जाड वाळूतून पाणी सेकंदाला एक मिलिमीटर वा त्याहून अधिक वेगाने जाऊ शकते. चिकण मातीत तेच माप लाखो पटींनी कमी भरते. बांधकामात वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही पदार्थाच्या गुणधर्मात एवढी तफावत नसेल. म्हणून मातीचा नमुना न तपासता 'पाच अश्वशक्तीचा पंप पुरेल' असे सांगणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषध देणे होय.

आपलाच खड्डा घेऊ. त्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर, म्हणजे तेवढ्याच क्षेत्राच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ९.८ मीटर. अभेद्य खडक १० मीटरवर आहे. पाणी जमिनीखाली २ मीटरवर लागते. म्हणजे पाण्याच्या थराची उंची ८ मीटर. खोदाई साडेचार मीटर करावयाची आहे. तळ कोरडा राहावा म्हणून पाणी त्याखाली अर्धा मीटर उतरवावे लागेल. मग थराची उंची ५ मीटर उरते. मुरमाड मातीची पार्यता सेकंदाला ०.०५ मिलिमीटर धरू.

पाणी उतरवले की त्याचा परिणाम किती दूरपर्यंत जाईल? यासाठी सिखार्ट यांचे ढोबळ सूत्र वापरतात: ३,००० गुणिले उतरवलेली खोली गुणिले पार्यतेचे वर्गमूळ, सर्व मापे मीटर व सेकंदात. ते येथे सुमारे ६४ मीटर येते. त्यात खड्ड्याची त्रिज्या मिळवून प्रभावाची त्रिज्या ७४ मीटर धरू. आता द्युप्युई यांच्या सूत्राप्रमाणे,

आवक = ३.१४ × पार्यता × (८ चा वर्ग − ५ चा वर्ग) ÷ (७४ भागिले ९.८ या संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम)

उत्तर येते सेकंदाला सुमारे ३ लिटर. म्हणजे दिवसाला साधारण २ लाख ६० हजार लिटर. आकडा मोठा वाटतो. पण हे पाणी एकूण १० मीटर उंचीवर चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, एक अश्वशक्तीही पुरते. हीच माती दहापट पार्य असेल तर प्रभावाची त्रिज्या २०० मीटरच्या पुढे जाते, आवक सेकंदाला २० लिटर होते आणि पाच अश्वशक्तीहून थोडा मोठा पंप लागतो. तेव्हा पंपाचा आकार हा बहुधा खरा प्रश्न नसतोच. पंप रात्रंदिवस चालू राहतो की नाही, वीज गेली तर दुसरा तयार आहे की नाही, हा प्रश्न खरा.

पंपाची मर्यादा

काठावर ठेवलेला पंप पाणी वर ओढत नाही. हवेचा दाब ते वर ढकलतो. पंप फक्त नळीतील हवा काढून जागा करून देतो. विहिरीवरील पंप सुमारे दहा मीटरपलीकडे पाणी उचलू शकत नाहीत, याची नोंद गॅलिलिओने घेतली होती. त्याचे कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या प्रयोगाने उलगडले. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर आहे. आपले धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. येथे हवेचा दाब कमी, म्हणून ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आतच येते. नळीतील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा व गळका फूट व्हॉल्व्ह हे सर्व वजा जाता प्रत्यक्षात सहा मीटरच हाती लागतात. मुंबईत सहजपणे पाणी ओढणारा पंप येथे अडखळला, तर त्यात पंपाचा दोष नसतो. त्याहून खोल जायचे असेल तर पंप टप्प्याटप्प्याने खाली न्यावा किंवा पाण्यात बुडवून चालणारा सबमर्सिबल पंप वापरावा. तो पाणी खालून ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा नाही.

एक इशारा येथेच द्यायला हवा. पाणी फार खोल आहे म्हणून डिझेल वा पेट्रोलचे इंजिनच विहिरीत वा अरुंद खड्ड्यात उतरवण्याचा अविचार कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. एक माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि विसरतो.

माती केव्हा उकळते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खड्ड्यातील पाणी उपसले की बाहेरचे पाणी उंच व आतले खाली अशी स्थिती होते. बाहेरचे पाणी मातीतून वाट काढत तळातून वर येऊ लागते. वर येणारे पाणी मातीच्या कणांना वर ढकलते. पातळीचा उतार वाढत जाऊन साधारण एकास एक झाला, की कणाचे पाण्यातील वजन आणि पाण्याचा वरचा रेटा समान होतात. वाळू वजनहीन होते. ती उकळत्या भातासारखी खदखदते. कालपर्यंत माणूस उभा राहत होता त्या तळात पाय रुततो. हा नियम मातीच्या यामिकीचे जनक कार्ल टर्झागी यांनी स्पष्ट केला. त्यात गूढ काही नाही: कणांची घनता पाण्याच्या २.६५ पट आणि पोकळी-गुणोत्तर ०.६५ घेतले, तर २.६५ वजा १ भागिले १ अधिक ०.६५, उत्तर बरोबर १.

याचाच दुसरा प्रकार चिकण मातीत दिसतो. तळाशी दोन मीटर चिकण माती शिल्लक आहे व तिच्याखाली दाबाखालचे पाणी असलेली वाळू आहे, असे समजा. मातीचे वजन दर चौरस मीटरला ३.६ टन. खालचे पाणी नळीत चार मीटर चढत असेल तर त्याचा रेटा ४ टन. खड्डा वरून कोरडा ठणठणीत दिसतो. पण तराजू उलटला आहे. तळ फुगतो, तडकतो आणि पाणी उसळते. येथे खड्ड्यात पंप लावून उपयोग नाही. खालच्या वाळूत विहिरी घेऊन तिचा दाब आधी उतरवावा लागतो.

गढूळ पाणी काय सांगते?

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन शहरातील एका बांधकामावर गेलो होतो. खड्ड्याच्या कोपऱ्यात पंपाची नळी नुसतीच चिखलात टाकलेली होती आणि बाहेर चहासारखे पाणी पडत होते. शेजारच्या घराच्या आवारभिंतीला तिरपी भेग गेली होती. 'भिंत जुनी आहे,' असे आम्हाला सांगण्यात आले. मी एका विद्यार्थ्याला पाण्याची बाटली रिकामी करून पंपाच्या तोंडाशी भरायला सांगितली. अर्ध्या तासाने बाटलीच्या तळाशी बारीक रेतीचा थर बसला होता.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर केलेला हिशेब येथे देतो. आकडे वर घेतलेल्या उदाहरणाचेच आहेत. दर लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, माती जात आहे असे समजू. दिवसाचे २ लाख ६० हजार लिटर, म्हणजे २६० किलो माती. दहा दिवसांत २.६ टन; घनफळ सुमारे १.६ घनमीटर. ही माती खड्ड्याच्या तळातून गेली असती तर ठीक. पण ती पाण्याच्या वाटेने आजूबाजूच्या जमिनीतून येते. शेजाऱ्याच्या भिंतीखालून एका बैलगाडीहून अधिक माती आपण गटारात सोडली आणि वर भिंतीलाच दोष दिला!

स्वच्छ पाणी बाहेर पडत असेल तर पंप कितीही चालवा. माती जागेवर आहे. गढूळ पाणी सुरुवातीचा तासभर आले तर चालेल. ते सतत येत राहिले तर काम थांबवून विचार करावा. सर्व पद्धतींचे मर्म या एका कसोटीत आहे.

उपाय

सर्वांत साधी पद्धत चर व सम्प यांची. तळाच्या कडेकडेने चर काढून पाणी कोपऱ्यातील खोल खड्ड्यात, म्हणजे सम्पात, आणतात व तेथून उपसतात. सम्प पायाच्या जागेत कधीही घेऊ नये. तेथली माती मऊ होऊन पुढे पाया खचतो. सम्पात भोके पाडलेले पिंप वा सिमेंटची कडी बसवून भोवती खडीची गाळणी भरावी. गाळणीची खडी किती मोठी असावी यालाही टर्झागींचा नियम आहे. मातीचे वजनाने ८५ टक्के कण ज्या आकाराहून लहान असतात, त्या आकाराच्या चार-पाच पटींहून गाळणीतील बारीक १५ टक्क्यांची सीमा मोठी नसावी. म्हणजे गाळणीच्या पोकळ्यांतून पाणी जाते, माती अडते. गृहिणी चहा गाळते ते याच तत्त्वाने. आपल्याकडील मुरूम, घट्ट माती व खडक यांना बहुतेक वेळा ही पद्धत पुरते.

बारीक वाळूत मात्र सम्प धोक्याचा. कारण पाणी आधी खड्ड्यात येते व मग उपसले जाते, आणि येताना माती आणते. तेथे वेल पॉइंट वापरतात. जाळीचे तोंड असलेल्या चार-पाच सेंटिमीटर व्यासाच्या नळ्या मीटर-दोन मीटर अंतराने खड्ड्याभोवती जमिनीत उतरवून त्या एका आडव्या नळाला जोडायच्या आणि निर्वात पंपाने पाणी ओढायचे. पाणी खड्ड्यात शिरण्यापूर्वीच खाली उतरते. चोषणाची मर्यादा येथेही आहे, म्हणून एका टप्प्यात पाचेक मीटरच. त्याहून खोल कामाला भोवती मोठ्या व्यासाच्या नलिकाकूपांत सबमर्सिबल पंप सोडतात. आपल्या खडकाळ भागात वेल पॉइंट उतरवणेच कठीण. पण पाणी आणणारी भेग ओळखून तिच्यावर वरच्या अंगाला एखादी कूपनलिका घेतली, तर तिच्या उपशाने खड्डा कोरडा राहू शकतो.

तिसरा मार्ग पाणी अडवण्याचा: लोखंडी शीट पाइल, काँक्रीटची डायफ्रॅम वॉल, सिमेंटचे ग्राउटिंग, क्वचित जमीन गोठवणे. खर्च मोठा, पण दाट वस्तीत, जेथे शेजारची पाणीपातळी हलवून चालत नाही, तेथे हाच मार्ग श्रेयस्कर. भारतीय मानक ९७५९ हे १९८१ सालचे मानक खास याच विषयावर आहे. खोदाईच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३७६४ आहे. ग्रंथालयात जाऊन दोन्ही चाळावीत.

पेडणे आणि मुंबई

या चुकीची किंमत किती मोठी असते हे पाहायला दूर जायला नको. कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले व २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावरून गाड्या धावू लागल्या. कठीण खडकातील लांबच लांब बोगदे झाले. पण अभियंत्यांना खरे छळले ते मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतील बोगद्यांनी. गोव्यातील पेडण्याचा बोगदा लांबीने दीड किलोमीटरच्या आसपास. तरी त्याने वर्षानुवर्षे घेतली. खणलेली जागा चिखलाने पुन्हा भरे. बोगदा झाला, गाड्या धावल्या. पण पाणी तेथेच होते. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये पुन्हा बोगद्यात पाणी झिरपून वाहतूक बंद पडली. बांधकामाच्या वेळी बाजूला सारलेले भूजल आपला हक्क सोडत नाही. त्याला कायमची वाट करून द्यावी लागते.

दुसरे उदाहरण वरच्या पाण्याचे. मुंबईत २६ मे २०२५ रोजी पाऊस नेहमीच्या तारखेच्या पुष्कळ आधी आला. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवरील आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. त्याच्या एका अपुऱ्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळली आणि पाणी थेट स्थानकात शिरले. जमिनीखालील पाण्याशी वर्षानुवर्षे झुंजून बांधलेल्या मार्गात पाणी आले ते रस्त्यावरून! तात्पुरती भिंतही पावसाच्या दृष्टीने कायमचीच समजावी आणि पावसाळा पंचांगाच्या तारखेला येईल असे धरून चालू नये, हा त्यातील धडा.

पंप केव्हा थांबवावा?

पंप केव्हा सुरू करावा हे सर्व जण विचारतात. केव्हा थांबवावा हे कोणी विचारत नाही. जमिनीखालील पाण्याची टाकी घ्या. बाहेरून ४ मीटर लांब, ३ रुंद, २.५ उंच, भिंती, तळ व झाकण १५ सेंटिमीटर जाडीचे. काँक्रीट सुमारे ८ घनमीटर, वजन २० टन. वीस टनांची वस्तू हलणार नाही असे आपल्याला वाटते. पण टाकी रिकामी असताना पंप बंद केला आणि भोवतीचे पाणी तिच्या माथ्यापर्यंत चढले, तर आर्किमिडीजच्या नियमाने रेटा ३० टनांचा होतो. टाकी होडीसारखी वर येते, वाकडी होते, जोडलेले पाइप तोडते. म्हणून टाकीत पाणी भरेपर्यंत किंवा वर पुरेसे वजन येईपर्यंत पंप चालूच ठेवावा.

याचे अतिविशाल उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी धारवाडी खडकांच्याच पट्ट्यात. खोली तीन किलोमीटरहून अधिक. शतकाहून अधिक काळ पंप त्यांतील पाणी उपसत राहिले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, पुढे पंप थांबले आणि पिढ्यान्‌पिढ्या खणलेली ती भुयारे पाण्याने भरत गेली. मानवाने कोरडी ठेवलेली जागा पंप असेपर्यंतच कोरडी असते.

शेजारी आणि मजूर

पाणीपातळी एक मीटर उतरली की जमिनीतील कणांवर दर चौरस मीटरला साधारण एक टन जादा भार पडतो, कारण पाण्याचा आधार निघून जातो. मऊ माती या भाराने दबते. मेक्सिको शहर भूजलाच्या उपशामुळे गेल्या शतकात काही भागांत कित्येक मीटर खचले. आपल्याकडची काळी माती तर वाळली की आकसते. वर काढलेल्या उदाहरणात प्रभावाची त्रिज्या ७४ मीटर आली होती. त्या वर्तुळात किती घरे आहेत, किती विहिरी आहेत, हे काम सुरू करण्यापूर्वी मोजावे. जुन्या भेगांची नोंद करून त्यांवर तारखेसह खूण करावी. विहिरींची पातळी रोज पाहावी. काढलेले स्वच्छ पाणी गटारात न सोडता शक्य तेथे शोषखड्ड्यातून परत जमिनीत मुरवावे. त्याने शेजाऱ्याची विहीरही राहते आणि भिंतही.

आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे खड्ड्यात उतरणारा माणूस. भिजलेल्या मातीचा एक घनमीटर सुमारे दोन टन भरतो. दीड मीटर खोल चरात वाकून काम करणाऱ्या मजुराच्या अंगावर त्यातला चतकोर भाग पडला तरी श्वास घ्यायला जागा राहत नाही. चराच्या काठावर मातीचा ढीग नसावा, पंपाचे धक्के काठाला बसू नयेत, बाजूंना आधार असावा, विजेच्या पंपाला गळतीच्या क्षणी प्रवाह तोडणारी कळ असावी आणि रात्रभराच्या पावसानंतर सकाळी कोणालाही खाली उतरवण्यापूर्वी अभियंत्याने स्वतः काठावरून फिरून भेगा पाहाव्यात. हे पाहण्याचा कंटाळा करणाऱ्याने पार्यतेचे सूत्र पाठ केले काय आणि न केले काय, सारखेच.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात एक छोटा अभ्यास करा. आपल्या वाटेवरच्या एखाद्या बांधकामावर परवानगी घेऊन जा. पंपाच्या तोंडाशी एक स्वच्छ बाटली भरा, तिच्यावर तारीख घाला आणि अर्धा तास न हलवता ठेवा. असे आठ दिवस करा. बाटलीच्या तळाचा थर रोज कमी होत गेला तर मेस्त्रीचे अभिनंदन करा. तो वाढत गेला तर बाटली त्याच्या हातात द्या आणि ही माती कोणाच्या भिंतीखालची आहे, एवढेच त्याला कन्नडात वा मराठीत नम्रपणे विचारा.